शब्दांची सोबत

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालाडच्या खाडीच्या मुखाशी, कोळ्यांचे एक जुने गाव वसलेले आहे. नकाशावर आणि मेट्रो स्थानकाच्या पाटीवर त्याचे नाव ‘वर्सोवा’ असे लिहिलेले दिसते. परंतु कोळीवाड्यातील माणसे आपल्या गावाला आजही ‘वेसावे’ म्हणतात. खाडीच्या पलीकडे मढचा किनारा व तेथील जुना किल्ला दिसतो. अलीकडे नांगरलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि बांबूंवर टांगलेल्या बोंबलांच्या रांगा दिसतात.

अशा या कोळीवाड्यातील एखाद्या घराची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. होळीला आठ दिवस उरले आहेत. आई मुलीची वेणी घालीत आहे. मुलीने मान हलविताच ती म्हणते, “जरा स्वस्थ बस, भांग वाकडा होतो आहे.” ओसरीवर वडील जाळे सांधीत बसले आहेत. ते शेजाऱ्याला म्हणतात, “आज अष्टमी. भांगाचे पाणी आहे. प्रवाहाला जोर नाही.” इतक्यात आजी थोरल्या नातवाला बजावते, “धुळवडीला कोणी भांग प्यायला बोलावले, तर तिकडे फिरकायचे नाही हो!”

एका घटकेत एकच शब्द तीन वेळा उच्चारला गेला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. आईच्या तोंडचा भांग म्हणजे केसांमधील रेघ. वडिलांच्या तोंडचा भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारी, पाण्याची चढउतार कमी असणारी भरती. आजीने नाव घेतले ते एका मादक पेयाचे. तरीही त्या घरातील कोणाचाच गोंधळ झाला नाही. कोणी शब्दकोश उघडला नाही की कोणी अर्थ विचारला नाही. असे का व्हावे? कारण उघड आहे. पहिल्या भांगाच्या सोबतीला वेणी होती, दुसऱ्याच्या सोबतीला पाणी व प्रवाह होता आणि तिसऱ्याच्या सोबतीला धुळवड व पिणे होते. प्रत्येक वेळी सोबतच्या शब्दांनी त्या शब्दाची ओळख करून दिली. वाक्यात आजूबाजूला असणाऱ्या शब्दांमुळे अर्थ ठरतो, यालाच ‘संदर्भ’ असे म्हणतात.

घरात इतक्या सहजतेने जे साधते, तेच पुढे परीक्षेच्या दालनात अवघड वाटू लागते. बारावीनंतर महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबई विद्यापीठाने अशी पहिली परीक्षा १८५९ साली घेतली. तिला ‘मॅट्रिक्युलेशन’ म्हणत, आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पुढे विख्यात झालेले विद्यार्थी होते. आजच्या प्रवेश परीक्षांचे रूप निराळे आहे. केंद्रीय विद्यापीठांतील पदवीच्या प्रवेशासाठी २०२२ सालापासून देशभर एक सामाईक परीक्षा घेतली जाते. ‘सीयूईटी’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. तीत भाषेच्या प्रश्नपत्रिकेसाठी १३ भाषा ठेवलेल्या असून मराठी ही त्यांपैकी एक होय. २०२५ सालच्या परीक्षेत एका विषयाच्या प्रश्नपत्रिकेत ५० प्रश्न होते आणि ते सोडविण्यास ६० मिनिटे दिलेली होती. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला अवघे ७२ सेकंद आले. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि त्यांतून योग्य तो एक निवडावयाचा असतो. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांवरील प्रश्नांबरोबर शब्दसंपत्तीचे प्रश्नही असतात.

असा एखादा प्रश्न नमुन्यादाखल पाहू. “त्या दिवशी भांग असल्यामुळे डोल जाळ्यांत फारशी मासळी आली नाही.” या वाक्यातील ‘भांग’ शब्दाचा अर्थ कोणता? पर्याय असे आहेत : केसांमधील रेघ, मादक पेय, कमी चढउताराची भरती, मोडतोड. वेसाव्याच्या मुलीला हा प्रश्न म्हणजे खेळच वाटेल. डोल जाळे हे मोठ्या पिशवीसारखे असते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून ते पाण्यात पक्के बांधून ठेवतात आणि प्रवाहाबरोबर येणारी मासळी त्यात शिरते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र, सूर्य व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, त्यामुळे पाण्याची चढउतार मोठी होते. या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ परस्परांशी काटकोनात असते आणि भांगाची भरती येते. प्रवाह मंद, म्हणून जाळ्यात मासळी कमी. हे सर्व त्या मुलीने घरीच ऐकलेले असते. परंतु ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्या मुलालाही हा प्रश्न सोडविता येतो. वाक्यात जाळी आहेत, मासळी आहे, तेव्हा केसांचा संबंध नाही, हे त्याला कळते. चौथा पर्याय ‘भंग’ या सारख्या दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ सांगून फसवू पाहतो, हेही त्याला ओळखता येते. समुद्राशी जुळणारा पर्याय एकच उरतो.

परीक्षक असे प्रश्न का विचारतात? लक्षावधी विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजावयाचे असले, म्हणजे प्रश्न, वेळ व गुण देण्याची रीत ही सर्वांना सारखीच ठेवावी लागते. अशा परीक्षेला प्रमाणित परीक्षा म्हणतात. ज्याने पुष्कळ वाचले आहे त्याच्याजवळ शब्दही पुष्कळ असतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून थोड्या वेळात विद्यार्थ्याच्या वाचनाचा अंदाज घेण्यासाठी शब्दांचे प्रश्न सोयीचे ठरतात. मात्र या सोयीतच एक खोट लपलेली आहे. वाचन न करता केवळ शब्दांच्या याद्या पाठ केल्या तर काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या एका प्रसिद्ध परीक्षेच्या इतिहासात सापडते. ‘सॅट’ या नावाची ही महाविद्यालय-प्रवेशाची परीक्षा १९२६ साली प्रथम घेण्यात आली. आठ हजारांहून अधिक विद्यार्थी तिला बसले होते. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न सोडवावयाचे होते. शब्दांचे अर्थ, विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्यांमधील नाते अशा प्रश्नांचा त्यांत भरणा होता. पुढे या परीक्षेसाठी अवघड शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याची प्रथाच पडली. परीक्षा झाली की हे शब्द विसरले जात, कारण त्यांना वाक्याचे घर मिळालेले नसे.

दुसरी अडचण याहून गंभीर होती. त्या परीक्षेत एकदा असा प्रश्न विचारला गेला : धावपटू आणि लांब पल्ल्याची शर्यत यांचे जे नाते आहे, तेच नाते पुढील कोणत्या जोडीत आढळते? अपेक्षित उत्तर होते, वल्हेकरी आणि नौकाशर्यत. ज्या मुलांच्या घरी नौकाशर्यती पाहण्याची रीत होती, त्यांना ‘नौकाशर्यत’ या अर्थाचा तो इंग्रजी शब्द ओळखीचा होता. गरीब वस्तीतील मुलाला मात्र तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हा प्रश्न बुद्धीची परीक्षा घेतो की घरच्या सुबत्तेची, असा आक्षेप अनेकांनी घेतला. कालांतराने परीक्षेचे स्वरूप पालटत गेले. विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न १९९४ साली काढून टाकण्यात आले, शब्दांच्या जोड्या २००५ साली गेल्या आणि गाळलेल्या जागांचे सुटे प्रश्न २०१६ साली बंद झाले. त्यानंतर तेथे शब्द विचारला जातो तो उताऱ्यातील त्याच्या जागेवरच. शब्द एकटा विचारू नये, सोबतीसह विचारावा, हे त्या परीक्षेला बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने पटले.

वेसाव्याच्या मुलांना वल्ही व होड्या परक्या नाहीत. म्हणून त्यांनी असे समजू नये की हा अन्याय नेहमी दुसऱ्यांवरच होतो. उद्या एखाद्याने ‘वलांडी म्हणजे काय?’ एवढेच विचारले, तर कोळीवाड्यातील मूल झटकन उत्तर देईल आणि गडचिरोलीचे मूल गप्प राहील. मोहफुलांविषयी विचारले तर गडचिरोलीचे मूल बोलेल आणि वेसाव्याचे अडेल. यात दोघांपैकी कोणाचीही बुद्धी कमी ठरत नाही. परंतु तोच शब्द वाक्यात घालून पाहावा : “आईने ओले बोंबील वलांडीवर टांगले, दोन-तीन दिवसांच्या उन्हात ते कडकडीत वाळले.” आता गडचिरोलीचे मूलही सांगू शकेल की वलांडी म्हणजे मासळी वाळविण्यासाठी उभारलेली एखादी चौकट असावी. न पाहिलेल्या वस्तूचे नाव वाक्याने त्याला समजावून दिले. ही शक्ती ज्याला लाभली, त्याला अनोळखी शब्दाचे भय उरत नाही.

ही शक्ती मिळवावी कशी? पहिली गोष्ट अशी की प्रश्न वाचताच पर्यायांकडे धाव घेऊ नये. आधी संपूर्ण वाक्य वाचावे आणि रिकाम्या जागी कोणता शब्द शोभेल, हे स्वतःच्या मनाशी ठरवावे. ‘परंतु’, ‘मात्र’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘कारण’ हे लहान शब्द या कामी वाटाड्याचे काम करतात. उदाहरणार्थ, “काल दर्या क्षुब्ध होता, आज मात्र तो...... आहे.” या वाक्याखाली खवळलेला, शांत, अथांग व खारट असे चार पर्याय आहेत. ‘क्षुब्ध’ शब्दाच्या अर्थाचाच ‘खवळलेला’ हा पर्याय घाईच्या वाचकाला भुलवितो. दर्या अथांग आहे हे खरे, तो खारट आहे हेही खरे. पण वाक्य ते विचारीत नाही. ‘मात्र’ या शब्दाने कालच्या स्थितीच्या उलट काही तरी यावयाचे आहे, अशी सूचना दिलेली आहे. म्हणून ‘शांत’ हेच उत्तर. पर्याय खरा असणे निराळे आणि तो त्या जागी योग्य असणे निराळे, हे परीक्षार्थीने कधी विसरू नये.

दुसरी गोष्ट शब्दाच्या घडणीची. जल, नीर, वारि व अंबु हे चारही शब्द पाण्याचे वाचक आहेत. त्यांना ‘ज’ म्हणजे जन्मलेले, ‘द’ म्हणजे देणारा आणि ‘धी’ म्हणजे धारण करणारा, हे तीन अंश जोडून पाहावेत. पाण्यात जन्मते ते कमळ. म्हणून जलज, नीरज, वारिज, अंबुज. पाणी देतो तो मेघ. म्हणून जलद, नीरद, वारिद, अंबुद. पाणी धारण करतो तो समुद्र. म्हणून जलधी, नीरधी, वारिधी, अंबुधी. सात अंश लक्षात ठेवले आणि १२ शब्द हाती आले. जो बारा शब्द सुटे पाठ करतो, त्याची ‘वारिद’ व ‘वारिधी’ यांत गफलत होण्याचा संभव असतो. ज्याने घडण जाणली, तो मेघाला समुद्र म्हणणार नाही.

तथापि केवळ घडणीवर विसंबून राहणेही धोक्याचे आहे. अंधेरीच्या रेल्वे स्थानकावर ‘जलद गाडी’ येत असल्याची घोषणा होते, तेव्हा कोणी आकाशाकडे मेघ शोधीत नाही. तो ‘जलद’ शब्द संस्कृतातून आलेला नसून फारसीतील ‘जल्द’ या शब्दावरून मराठीत आलेला आहे. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. दोन भिन्न कुळांतील शब्द मराठीत येऊन एकसारखे दिसू लागले, एवढेच. तेथेही निर्णय दिला तो सोबतच्या ‘गाडी’ या शब्दानेच.

तिसरी गोष्ट अक्षरे नीट पाहण्याची. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, तर ‘सूत’ म्हणजे धागा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. एका लहानशा खुणेच्या फरकाने माणूस समुद्रातून थेट सह्याद्रीत जाऊन पोहोचतो! परीक्षकही अशा जोड्या मुद्दाम निवडतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. विद्यार्थी डोळसपणे वाचतो की नाही, हे त्याला पाहावयाचे असते.

एवढे करूनही काही शब्द अडतातच. अशा वेळी काय करावे, हे साध्या हिशेबाने ठरविता येते. सीयूईटीमध्ये बरोबर उत्तरास ५ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो आणि उत्तर न दिल्यास काहीच मिळत अथवा जात नाही. चार प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली, तर सरासरीने एक बरोबर व तीन चूक येतील. म्हणजे ५ वजा ३, असे दोनच गुण पदरात पडतील. त्यातही नशिबाची साथ नसेल, तर ४ गुण गमवावे लागतील. परंतु प्रत्येक प्रश्नातील दोन अशक्य पर्याय विचाराने बाजूला सारले आणि उरलेल्या दोहोंतून निवड केली, तर सरासरीने दोन बरोबर व दोन चूक येतील. म्हणजे १० वजा २, असे ८ गुण हाती लागतील. शब्दाचा अर्थ नेमका ठाऊक नसतानाही, तो काय असू शकत नाही हे ओळखण्याचे मोल एवढे मोठे आहे. प्रत्येक परीक्षेचे नियम मात्र निराळे असतात. तेव्हा ते आधी वाचून मगच हा हिशेब करावा.

तरीही परीक्षेच्या दिवशीची युक्ती ही वर्षानुवर्षे साठविलेल्या शब्दांची जागा घेऊ शकत नाही. शब्द साठविण्यासाठी एक वही पुरते. नवा शब्द भेटला की तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह लिहावा आणि मागाहून स्वतःचे एक वाक्य त्याखाली जोडावे. अर्थाविषयी शंका असेल तर शब्दकोश पाहावा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला व १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात खंडांत सिद्ध केला. हे कोश केवळ पंडितांच्या पोथ्यांवरून रचलेले नाहीत. शेतकरी, कारागीर, गृहिणी, कोकणातील व देशावरील सामान्य माणसे यांच्या तोंडचे शब्दही त्यांत आदराने नोंदलेले आहेत.

म्हणूनच घरच्या शब्दांची लाज बाळगण्याचे कारण नाही. कोळीवाड्यात मासळीला ‘म्हावरं’ म्हणतात, बाजारात ‘मासळी’ म्हणतात आणि पुस्तकात ‘मत्स्य’ किंवा ‘मीन’ असे लिहितात. परीक्षेत बहुधा पुस्तकातील शब्द विचारला जातो, हे खरे. म्हणून घरचा शब्द टाकून द्यावा असे मात्र नाही. वहीत ‘म्हावरं’ या शब्दासमोर ‘मासळी, मत्स्य, मीन’ असे लिहावे. ‘दर्या’ या शब्दासमोर ‘समुद्र, सागर, जलधी’ असे लिहावे. ओळखीच्या शब्दाचा हात धरून अनोळखी शब्द घरात येतो आणि मग तो सहसा परत जात नाही. ज्या मुलाला आपल्या बोलीतील शब्दाचा नेमका अर्थ व नेमकी जागा कळते, त्याच्याजवळ ग्रंथातील शब्द समजून घेण्याचे साधन आधीच असते. त्याला ते फक्त ओळखावे लागते.

वेसाव्याच्या त्या घरात आठ दिवसांनी पौर्णिमा उगवेल. खाडीचे पाणी पार वरपर्यंत चढेल आणि वडील म्हणतील, “आज उधाण आहे.” मुलीने त्या वेळी आपली वही उघडावी. ‘भांग’ या शब्दाखाली तीन वाक्ये लिहिलेली असतील : एक आईचे, एक वडिलांचे, एक आजीचे. वडिलांच्या वाक्यासमोर तिने विरुद्धार्थी शब्द म्हणून ‘उधाण’ असे लिहावे. उरलेल्या दोन वाक्यांसमोर मात्र तो शब्द लिहिता येणार नाही, हे तिला कोणी सांगावे लागणार नाही. प्रवेश परीक्षेस अजून पुष्कळ वर्षे अवकाश आहे. परंतु तिची तयारी त्या पानावर सुरू झालेली असेल.